शनिशिंगणापूरची एक दिवसाची सहल
(ज्ञातिसभेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या पौष महिन्यात, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, आपल्या ज्ञातिसभेची एक दिवसाची सहल नगर, नेवासे व शनिशिंगणापूर येथे जाऊन आली. तिचा वृत्तान्त आपणांस निवेदन करावा अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. वाटाड्याचे काम आमच्याकडे होते, तेव्हा हेही काम आमच्याकडेच येणार हे उघड होते. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. पुढील सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. त्यामुळे आमच्या बोलण्यास विद्वत्तेपेक्षा मास्तरकीचा वास अधिक येईल, तो आपण चालवून घ्यावा. शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. परंतु इतक्या वर्षांची वळण पडलेली जीभ 'नगर' असेच म्हणून जाते, तिचाही राग मानू नये.

सहल ठरविण्यासाठी जी बैठक भरली तीत दोन प्रश्नांवर बरीच गरमागरमी झाली. ती सांगितल्यावाचून पुढील हकीकत नीट ध्यानात येणार नाही. पहिला प्रश्न जेवणाचा. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, सहल ज्ञातीची आहे तेव्हा आचारी ज्ञातीचा हवा, भांडीकुंडी बरोबर घ्यावीत आणि दोन्ही वेळची पंगत आपली आपण करावी. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, शनिवारी रात्री शिंगणापुरात खाण्याच्या हातगाड्या आणि पाले लागतात, तेथे फिरून ज्याला जे आवडेल ते त्याने खावे; सहलीची मौज त्यातच आहे. दुसरा प्रश्न याहून अवघड होता. आपल्यापैकी स्त्रियांनी शनीच्या चौथऱ्यावर जावे की न जावे? एका वयोवृद्ध सभासदांनी स्पष्ट सांगितले, "ज्याला जे करावयाचे ते त्याने आपल्या घरून करावे, ज्ञातीच्या नावाने नको." शेवटी असे ठरले की, दुपारचे जेवण पंगतीचे, रात्रीचे ज्याच्या त्याच्या मर्जीचे, आणि चौथऱ्याचा निर्णय प्रत्येक स्त्रीने स्वतः करावा, तिच्यासाठी दुसऱ्या कोणी तो करू नये. हा दुसरा ठराव अवघ्या दोन मतांनी संमत झाला, हे येथे नमूद करतो.

एक बस, ४७ माणसे, त्यांत २६ स्त्रिया. सर्वांत वडील एक ८१ वर्षांच्या आजीबाई व सर्वांत धाकटा त्यांचाच आठ वर्षांचा पणतू. या मुलाने बसमध्ये चढताच विचारले, "आपण सिंगापूरला चाललो ना?" बस हसली. नावाचा घोटाळा मोठ्या माणसांचाही होतो. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात शिखर शिंगणापूर आहे, तेथे शंभुमहादेव. हे शनीचे शिंगणापूर नेवासे तालुक्यातील. एकाच्या यात्रेस निघून दुसऱ्याची तिकिटे काढलेली माणसे आमच्या ओळखीची आहेत.

सकाळी प्रथम नगरचा भुईकोट किल्ला पाहिला. हा किल्ला लष्कराच्या ताब्यातील. चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांचा वेढा येथूनच परतविला, हे आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. परंतु आम्ही मंडळींस थांबविले ते नेत्यांच्या बंदिवासाच्या खोल्यांपाशी. 'चले जाव'च्या ठरावानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद येथे आणून कोंडले गेले. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव, आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली येथेच लिहिला, हे पुष्कळांना ठाऊक असते. मौलानांनी येथून लिहिलेल्या आणि कधी न टाकलेल्या पत्रांचाही एक उर्दू ग्रंथ झाला, 'गुबारे खातिर'. त्यात पहाटेच्या चहाविषयी त्यांनी फार प्रेमाने लिहिले आहे. याच काळात, १९४३ साली, त्यांच्या पत्नी कलकत्त्यास निवर्तल्या. सरकारकडे सुटकेची याचना करणे मौलानांना मान्य नव्हते. शेवटची भेट झाली नाही. हे सांगत असताना आजीबाईंनी दाराच्या कडीला हात लावून पाहिला व त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

शहराबाहेरील डोंगरावर ज्याला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात तो पाहण्याचा आग्रह झाला, पण वेळ नव्हता. ती वास्तू मुळात सलाबतखानाची कबर आहे, महाल नव्हे, एवढे बसमध्येच सांगून आम्ही पुढे निघालो.

नेवासे येथे मात्र आम्ही मुद्दाम रेंगाळलो. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, तो पैस खांब येथे आहे. गुडघ्यावर बसून त्यावर डोके टेकविणाऱ्यांची रांग सकाळपासून होती. गीतेचा अर्थ संस्कृताच्या कुलुपातून काढून मराठीच्या अंगणात मांडला गेला तो या जागी. त्यासाठी ज्यांनी तो मांडला त्या भावंडांना समाजाने काय दिले होते, हे आपण जाणतोच.

प्रवरेच्या काठी लाडमोड या नावाने ओळखले जाणारे पांढरीचे उंचवटे आहेत. डॉ. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात नेवाशास उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगाच्या हत्यारांपासून पुढील अनेक काळांचे थर एकावर एक सापडले. त्यांत रोमन व्यापारातून आलेल्या मद्याच्या कुंभांचे तुकडेही होते. मुलांना आम्ही विचारले, "दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचे पेय या गावात आले, ते कोणाच्या हातचे होते हे कोणी विचारले असेल काय?" मुलांना उत्तर देता आले नाही, मोठ्यांनी ते देण्याचे टाळले.

आणि मग मोहिनीराजाचे मंदिर. समुद्रमंथनातून अमृत निघाले तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन देवदानवांच्या दोन वेगळ्या पंगती बसविल्या आणि अमृत एकाच पंगतीस वाढले, ती जागा ही, अशी येथील श्रद्धा. राहू वेश पालटून देवांच्या पंगतीत बसला, ओळखला गेला आणि त्याचे शिर उडाले. राहुरी हे नाव त्यावरून पडले असे सांगतात. ही कथा आम्ही वर्गात तीस वर्षे सांगितली, परंतु त्या दिवशी आपल्याच ज्ञातीची पाने मांडली जात असताना ती सांगताना आमचा आवाज थोडा अडखळला. पंक्तिप्रपंच हा शब्द आपल्या भाषेत उगीच आलेला नाही. दुपारची पंगत उत्तम झाली. आचारी आपला होता, वांग्याची भाजी आणि बाजरीची भाकरी फक्कड होती, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

दुपारी घोडेगावावरून शिंगणापूरच्या वाटेस लागलो. रस्त्याच्या कडेला बैलाच्या लाकडी चरकाची रसवंतिगृहे आहेत. बैल सावकाश फिरतो, कांडी करकरते, फेसाळ रस खाली उतरतो. पौषाच्या उन्हात तो रस पिताना आमच्यातील मधुमेही मंडळींची जी धांदल उडाली ती येथे सांगत नाही. हा सारा मुलूख उसाचा. सहकारी साखर कारखान्याचा पाया विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी याच जिल्ह्यात लोणीस घातला आणि १९५० च्या सुमारास तो कारखाना सुरू झाला.

आता शिंगणापूर. कथा अशी सांगतात की, पानसनाल्यास पूर आला, त्यातून एक काळी शिळा वाहत येऊन बोरीच्या झाडास अडकली. गुराख्यांनी टोकदार काठीने टोचताच शिळेतून रक्त आले. रात्री देवाने दृष्टान्त दिला: मामा-भाच्यांनी मला उचलावे, मला छप्पर नको, आकाश हेच माझे छप्पर. म्हणून आजही पुरुषभर उंचीची ती शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊनपावसात उभी आहे. देवाला दार नाही म्हणून गावालाही दार नाही. घरांना चौकटी आहेत, दारांची फळी नाही. कुत्रे आत शिरू नये म्हणून कोणी पत्रा किंवा फळी टेकवून ठेवतो, कोणी पडदा लावतो. २०११ साली युको बँकेने येथे शाखा काढली तीही कुलुपावाचून, काचेचे दार लावून. देशात त्याची मोठी चर्चा झाली. पोलीस ठाणे येथे आले ते २०१५ साली.

आजीबाईंचा पणतू आम्हांस विचारता झाला, "मास्तर, मग मी मोबाईल गाडीत उघडा ठेवू का?" आम्ही म्हटले, "गावाची परीक्षा गावाने द्यावी, तू आपला मोबाईल खिशात ठेव."

हे बोलणे वावगे नव्हते. २०१० साली एका भाविकाच्या गाडीतून पैसे गेल्याची तक्रार झाली होती. पण आमच्या मते त्या गावाचे खरे दुखणे चोरी हे नाही. गाव लांब असतानाच मोटारसायकलवरून काही तरुण आमच्या बसच्या आडवे आले. "गाडी इकडेच लावा, ताट इथूनच घ्यावे लागते, पुढे मिळत नाही." यांना तेथे 'लटकू' म्हणतात. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे कापड, खिळा असे ताट. आमच्यापैकी दोघांनी भिडेखातर घेतले आणि देवळापाशी तेच ताट निम्म्याहून कमी दराने मिळत असल्याचे पाहून ते दिवसभर हळहळले. पोलिसांनी या लोकांवर वेळोवेळी कारवाई केली आहे. उघड्या घरातून वाटी उचलली तर शनी शासन करील या भयाने जे हात आवरतात, तेच हात पन्नासाचे तेल तीनशेला विकताना आवरत नाहीत. भीतीने राखलेला प्रामाणिकपणा जेवढ्या जागेची भीती असेल तेवढ्याच जागेपुरता उरतो, असे आम्हांस तेथे वाटले. गावच्या शेतकऱ्यांना मात्र यात गोवू नये. एका घरापुढे आम्ही पाणी मागितले तेव्हा घरधनिणीने उघड्या घरातून तांब्या आणून दिला, चहाही ठेवला आणि पैशाचे नाव काढू दिले नाही.

चौथऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. येथे पूर्वी पुरुषांनी स्नान करून ओल्या वस्त्राने वर जाण्याची चाल होती आणि स्त्रियांना वर मज्जाव होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर व डॉ. श्रीराम लागू यांनी याविरुद्ध २००० साली सत्याग्रह पुकारला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिले, तेव्हा शुद्धीकरण करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी तृप्ती देसाई यांच्याबरोबर निघालेल्या स्त्रियांना सुप्याजवळ अडविले गेले. विद्या बाळ व ॲड. नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. १९५६ साली मुंबई राज्याने हिंदूंच्या सर्व वर्गांस देवळांत प्रवेश देणारा जो कायदा केला होता त्याची अंमलबजावणी करा, असे न्यायालयाने एप्रिल २०१६ च्या आरंभी सरकारास सांगितले. आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा स्त्रियांस खुला केला.

बैठकीत ज्यांनी विरोध केला होता त्यांच्याशी रांगेत आमचे बोलणे झाले. आम्ही म्हटले, "तात्या, १९५६ चा हा कायदा झाला तो मुख्यतः अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांसाठी. त्याआधी १९४७ साली पंढरपूरच्या दारासाठी सानेगुरुजींना दहा दिवस उपवास करावा लागला. आपले स्वतःचे आजोबासुद्धा काही गाभाऱ्यांच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून परत फिरत." तात्या म्हणाले, "ते खरे. पण ते परत फिरले म्हणून त्यांचा देव कमी झाला नाही." या उत्तरास आमच्यापाशी तत्काळ प्रत्युत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. एवढेच म्हणू की, परत फिरणे ज्याच्या इच्छेने होते त्याचे आणि ज्याच्यावर लादले जाते त्याचे, ही दोन वेगळी परत फिरणी आहेत.

नियमाप्रमाणे पावती करून २६ पैकी नऊ स्त्रिया वर गेल्या. त्यांत आजीबाईंची नात होती. आजीबाई खालीच उभ्या राहिल्या. नातीने तेल वाहिले, खाली उतरली, तेव्हा आजीबाईंनी तिच्या तेलकट हाताला आपला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. उरलेल्या सोळांपैकी कोणास वर जावेसे वाटले नाही, कोणास गुडघे नव्हते, कोणास सासूबाई बरोबर होत्या. त्या दिवशी कोणी कोणास बोल लावला नाही.

सूर्य मावळला आणि गारठा एकदम उतरला. मंदिर अहोरात्र उघडे असते, त्यामुळे शनिवारी रात्र पडल्यावरही माणसांचा लोंढा चालूच होता आणि त्या लोंढ्याबरोबर खाण्याचा बाजार फुलत होता. कढईतील भजी, वडापाव, मिसळ, भेळभत्ता, गरम जिलबी, गोडीशेव आणि रेवड्यांचे ढीग, आटीव दूध, पेढे. एका बाजूस आगटीत ज्वारीची कणसे भाजून हुरडा चोळून देणारे एक शेतकरी जोडपे. गोवऱ्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. नऊवारीतील म्हाताऱ्या, पंजाबातून आलेले टोपीवाले ट्रकचालक, गुजराती कुटुंबे, नगरच्या कॉलेजातील पोरे, सारे एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेले. एकाची डिश उठली की दुसऱ्याची तेथे येत होती.

आजच्या मुलांना यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. म्हणूनच सांगतो. आमच्या लहानपणी घरातील वडील स्त्रिया प्रवासास निघताना दशम्या घेत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविले म्हणजे ती भाकरी प्रवासात विटाळत नाही असा नियम. त्याआधीच्या पिढीने रेल्वेच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी पिंपे पाहिली. १८४९ च्या सुमारास मुंबईस दादोबा पांडुरंग आदी मंडळींनी परमहंस सभा काढली. सभासदाने परजातीच्या हातचे खावे हा तीत नियम होता आणि तो गुप्तपणे पाळावा लागे. नावे फुटण्याच्या भयाने ती सभाच मोडली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीस सहभोजने घडविली, अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सत्यनारायणास सर्व जातींना एकत्र बसविले. जे करावयास या माणसांना सभा, ठराव आणि बहिष्कार यांतून जावे लागले, ते शिंगणापूरच्या पालात वीस रुपयांच्या भज्यांच्या प्लेटीने कोणाच्या लक्षातही न येता घडत होते. इंदुरास राहणारे आपले ज्ञातिबांधव सांगतात की, तेथील सराफ्यात दिवसा सोन्याची दुकाने आणि ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांवर मध्यरात्रीपर्यंत खाण्याचा बाजार भरतो. पणतवाच्या सिंगापूरचेही सांगून टाकतो: तेथील फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीची युनेस्कोने २०२० साली आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली. मुलगा अगदीच चुकीच्या बसमध्ये बसला नव्हता.

आचाऱ्याचा आग्रह धरणारे आपले एक माननीय सभासद भज्यांच्या तिसऱ्या प्लेटीपाशी आम्हांस दिसले. आम्ही नमस्कार केला. "तळलेल्याला दोष नाही," ते म्हणाले. शास्त्र खरोखरच लवचिक आहे.

आजीबाईंनी मात्र उभ्या आयुष्यात बाहेरचे अन्न तोंडास लावले नव्हते. त्यांच्या पिशवीत दशम्या होत्याच. नातीने जिलबी पुढे केली, त्यांनी मान हलविली. मग त्या हुरड्याच्या आगटीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या, हात शेकीत. हुरडेवाल्या बाईने न विचारता त्यांच्या ओंजळीत गरम दाणे टाकले. आजीबाई क्षणभर पाहत राहिल्या. "सुरती आहे?" त्यांनी विचारले. "व्हय, घरचीच," बाई म्हणाली. "नुसत्या विस्तवावर भाजलेले, पाण्याचा हात नाही," असे आजीबाई स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्यांनी दाणे तोंडात टाकले. मग लसणाची चटणी घेतली. चटणीत पाण्याचा हात होता किंवा नव्हता, हे त्यांनी विचारले नाही. उठताना त्यांनी पिशवीतील दशम्यांची चवड काढून त्या बाईच्या मांडीवर ठेवली. "दुधातल्या आहेत," एवढेच म्हणाल्या. बाईने त्यातील एक तेथेच मोडून नवऱ्यास दिली व एक स्वतः खाल्ली. हुरड्याचे पैसे देण्यासाठी आम्ही पुढे झालो, तर दोघींनीही आम्हांस दूर केले.

साडेदहाला शिटी वाजविली. मोजदाद केली, ४७ माणसे भरली. तात्या बसमध्ये चढताना हातात पुडा घेऊन आले. आत गोडीशेव होती आणि ती त्यांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत स्वतः वाटली. बस निघाली तेव्हा काही पालवाले आपल्या मालावर नुसते कापड अंथरून झोपावयास चालले होते.

पुढील वर्षीच्या सहलीसाठी पैठण व दौलताबाद अशी सूचना आली आहे. जेवणाचा प्रश्न बैठकीत पुन्हा निघेलच. त्या वेळी हा वृत्तान्त इतिवृत्तात जोडावा, अशी आमची कार्यवाहांस विनंती आहे.